घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

अजिंठ्यातील माझ्या दवाखान्यात मध्यंतरी पन्नाशीचे एक शेतकरी पत्नीसह आले. हृदयाचा स्नायू जाड झाल्याचे निदान पूर्वीच झालेले. गोळ्या नियमित; तरी सकाळी डोके दुखे, दिवसभर पेंग येई.

"झोप तर छान लागते यांना, चांगले घोरतात!" पत्नी म्हणाल्या.

मी विचारले, "घोरता घोरता आवाज मध्येच बंद पडतो का?"

त्या चपापल्या. "हो डॉक्टरसाहेब, श्वासच थांबतो. मग दचकून उठतात."

हाच निद्राश्वसनरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. श्वास १० सेकंद वा अधिक अडणे, असे तासाला ५ किंवा जास्त वेळा घडल्यास तो आजार समजावा. दर वेळी रक्तातील प्राणवायू घटतो, पुन्हा वाढतो. या चढउतारामुळे शरीरात दाह वाढवणारी द्रव्ये तयार होतात, रक्तदाबही चढतो. हृदयाचा स्नायू आधीच आजारी असेल, तर ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

निदानासाठी रात्रभर झोपेची तपासणी करतात. मुखवट्यातून हवेचा दाब देणारे यंत्र १९८० साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी प्रथम वापरले. मात्र यंत्र तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावे. हृदय कमजोर असल्यास चुकीचे यंत्र घातक ठरू शकते. वजन घटवावे, कुशीवर झोपावे, मद्य व मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

वाचकहो, आपला थांबलेला श्वास रुग्णाला कळत नाही. तो घरच्यांनीच डॉक्टरांना सांगायला हवा.