एकाच फाईलचं ॲप : बर्फ-डिझेलची नोंद मोबाईलवरून



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. या दिवसांत ऑफिसचं एक काम शिकून घेऊया. बर्फ आणि डिझेल कोणी किती नेलं, त्याची नोंद ठेवणारं छोटं वेब ॲप पायथनमध्ये एकाच फाईलवर चालतं.

आधी टर्मिनलमध्ये 'पिप इन्स्टॉल फ्लास्क' ही कमांड द्यायची. मग फाईलमध्ये तीनच भाग:

१) सुरुवातीला फ्लास्क बोलावून ॲप तयार करणं.
२) दोन फंक्शन्स. एक फॉर्म दाखवतं, दुसरं होडीचं नाव, बर्फाच्या लाद्या आणि डिझेलचे लिटर नोंदवून घेतं.
३) शेवटच्या ओळीत ॲप सुरू करणं.

आता आमची चूक सांगतो. मागच्या मोसमात आम्ही नोंदी पायथनच्या लिस्टमध्ये ठेवल्या होत्या. दुपारी लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडला आणि सकाळपासूनचा हिशेब साफ. संध्याकाळी एकेका तांडेलाला विचारत बसावं लागलं. लिस्ट मेमरीत असते, स्क्रिप्ट थांबली की संपली. म्हणून नोंद एसक्यूलाइटमध्ये ठेवा. ते पायथनसोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. प्रत्येक नोंदीनंतर 'कमिट' करायला मात्र विसरू नका, नाहीतर नोंद पक्की होत नाही.

आणखी तीन गोष्टी:

• फ्लास्क सुरुवातीला १२७.०.०.१ वर चालतं, म्हणजे फक्त त्याच कॉम्प्युटरवर दिसतं. ऑफिसच्या वाय-फायवरचे मोबाईल जोडायचे तर होस्ट ०.०.०.० द्या. मग मोबाईलमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता आणि पुढे पोर्ट ५००० टाका.
• डीबग मोड शिकतानाच चालू ठेवा. रोजच्या कामात तो चालू राहिला तर चुकीच्या पानावरून दुसरा कोणीही आपल्या कॉम्प्युटरवर कमांड चालवू शकतो. रोजच्या वापराला हीच फाईल 'वेट्रेस' या सर्व्हरवर चालवा. पासवर्ड नसलेलं ॲप ऑफिसबाहेर इंटरनेटवर उघडू नका.
• संध्याकाळी ॲप बंद करून डेटाबेसची फाईल पेन ड्राईव्हवर कॉपी करा.

पहिला महिनाभर जुनी वहीही लिहीत राहा. दोन्ही हिशेब रोज जुळले, तरच वही बाजूला ठेवू.

पूर्ण फाईल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे. मुलांना घेऊन या, एकत्र बसून चालवून बघूया.