ब्रेक पुढच्याच ट्रॉलीला होता

सुरुवातीलाच सांगतो, अपघात झाला तेव्हा आमच्या ड्रायव्हरनं उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल केला नव्हता. ट्रॉल्या बांधून देणाऱ्या मिस्त्रीनं ती आवई उठवली आणि साखर कारखान्याच्या यार्डात, टपरीवर, आमच्या भावकीतसुद्धा लोक ती खरी धरून बसले. डिझेल वाचवायला उतार दिसला की गिअर काढणारे ड्रायव्हर असतात, हे मलाही माहीत आहे. आमचा त्यातला नाही. ट्रॅक्टर चरीत कलंडलेला असताना क्रेनवाल्यानं स्वतःच्या हातानं गिअर काढला, तेव्हा तो हायच्या पहिल्यात होता. चार माणसांदेखत. तरी बोलणारे बोलतात, म्हणून लिहायला बसलो. शिवाय आता हंगाम तोंडावर आलाय, तसल्याच ट्रॉल्या घेऊन नवी पोरं रस्त्यावर उतरतील.

५०-५५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, तेही डावा-उजवा वेगळा, शेतात जागेवर वळता यावं म्हणून. त्याच्यामागं आपण दोन ट्रॉल्या जोडतो आणि २० टनांच्या वर ऊस भरतो. चढाला पुढची चाकं उचलली की लोक व्हिडिओ काढतात. खरी परीक्षा उताराला असते, कारण तिथं सगळा ऊस ट्रॅक्टरला मागून ढकलत असतो आणि त्याला आवरायला असतात ट्रॅक्टरची दोन चाकं. पाचट नाहीतर माती सांडलेल्या रस्त्यावर ती दोन चाकं घसरली की संपलं. वजन ज्या चाकांवर आहे, ब्रेक त्याच चाकांना हवा. म्हणून मी एअर ब्रेक बसवून घेतला. ट्रॅक्टरला मुळात हवा नसते. इंजिनच्या पुलीवरून पट्ट्यानं फिरणारा कॉम्प्रेसर, टाकी, मीटर, पेडलला जोडलेला व्हॉल्व्ह आणि ट्रॉलीच्या एक्सलवर बूस्टर, असं सगळं बाहेरून बसवावं लागतं. शेजारचे म्हणत होते, एवढा खर्च कशाला, आम्ही बिनब्रेकच्या ट्रॉल्या ओढतोच की. मी त्यांचं ऐकलं नाही, आणि आजही ऐकणार नाही.

मिस्त्रीला मी तोंडावर विचारलं होतं, दोन्ही ट्रॉल्यांचे मिळून चारी बूस्टर चालू आहेत ना? ‘‘आवं मालक, चारी चालू. बघा की सोत्ता.’’ शेडसमोर त्यानं ट्रॅक्टर पळवला, ब्रेक मारला, रिकाम्या ट्रॉल्या जागच्या जागी थांबल्या, टायर कचकन वाजले. दोन्ही ट्रॉल्यांच्या ब्रेकचे पैसे त्यानं वेगवेगळे लावले आणि मी ते पुरते मोजले. रिकामी जोडी एकाच ट्रॉलीच्या ब्रेकवरही थांबते, हे तो धंद्यात मुरलेला माणूस चांगलंच जाणून होता.

अपघात आजरा तालुक्यातल्या एका उतारावर झाला, रात्री, भरल्या खेपेला. ड्रायव्हरनं उताराच्या आधीच गिअर खाली घेतला होता. मीटरला हवा भरपूर होती. त्यानं ब्रेक दाबला, पुढची ट्रॉली आवरली, मागची आवरली नाही. तिनं सगळ्या वजनानिशी पुढच्या ट्रॉलीला रेटलं, पुढची रस्त्यावर आडवी फिरली आणि तिच्या दांडीनं ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला फेकला. मागची ट्रॉली उलटली. ड्रायव्हरचा पाय मोडला. उसावर कोणी बसलं नव्हतं आणि समोरून गाडी येत नव्हती, म्हणून गोष्ट पायावर भागली.

सकाळी ऊस दुसऱ्या गाडीत भरत होते. ट्रॉली कुशीवर पडलेली होती, त्यामुळं एरवी कधी धड दिसत नाही तो तिचा तळ समोर उघडा होता. कुठं पाइप फाटला असेल म्हणून मी पुढच्या हुकापासून हात लावत लावत मागं गेलो. पाइप शाबूत. क्लिपा शाबूत. एक्सलजवळ दोन बूस्टरकडं जायला जिथं फाटा फुटतो, तिथं हात थांबला. दोन्ही तोंडांत बोल्ट ठोकलेले होते आणि वरून क्लिपा आवळल्या होत्या. बूस्टरकडं हवा जायला वाटच नव्हती. आणि त्या बोल्टांवरून, क्लिपांवरून ट्रॉलीचाच लाल रंग मारलेला होता. म्हणजे रस्त्यावर कुणी केलेली ही तात्पुरती दुरुस्ती नव्हती. शेडमध्ये बोल्ट ठोकले, मग रंग मारला, मग मला ‘चारी चालू’ म्हणून सांगितलं. पुढं बूस्टर खोलले तर आतल्या डायफ्रामचं रबर फाटलेलं आणि दांडे गंजून जाम. ते बोल्ट दिसले तेव्हा मी तिथंच खाली बसलो. रात्रभर दवाखान्यात आमचा ड्रायव्हर माझ्याकडं बघून म्हणत होता, ‘‘अण्णा, मी ब्रेक दाबला हुता ओ.’’ त्याला खरं ठरवायला ट्रॉली उलटावी लागली.

मिस्त्रीनं आधी फोनच उचलला नाही. मग न्यूट्रलची गोष्ट सुरू केली. फोटो दाखवल्यावर म्हणाला, ‘‘बूस्टर गळत हुतं, हवाच थांबंना. तुमची खेप बुडू नये म्हणून बंद केलं, सांगायचं ऱ्हायलं.’’ सांगायचं राहिलं, पण पैसे घ्यायचं नाही राहिलं. शेवटी, ‘‘सगळ्यांचं असंच चालतंय.’’ ह्या सगळ्या बोलण्यात ड्रायव्हरचा पाय कसा आहे, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. कारखान्याच्या शेती खात्याचंही तेच. करार करताना कागद तपासले, खाली वाकून ट्रॉली कुणी पाहिली नाही.

त्यानंतर मी ह्या विषयात जे मिळेल ते वाचलं. जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्या अमेरिकन माणसानं रेल्वेच्या एअर ब्रेकचं पेटंट १८६९ मध्ये घेतलं. त्यात ब्रेक लावताना पाइपमधून हवा मागच्या डब्यांना जायची. पाइप तुटला की सगळेच डबे मोकळे. ही खोट ओळखून १८७२ मध्ये त्यानं पद्धत उलटी केली: पाइपात हवा कायम भरलेली, प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी, आणि पाइपातली हवा कमी झाली की ब्रेक आपोआप लागतो. हायवेच्या ट्रेलरला आज दोन पाइप असतात ते ह्याच विचारानं: एक ब्रेकचा, दुसरा इमर्जन्सीचा. आणि आपल्याकडं ट्रॉल्यांना काय बसवून देतात? एकच पाइप. तो निसटला, फाटला, नाहीतर त्यात कुणी बोल्ट ठोकला, तरी ब्रेक दाबेपर्यंत मीटर छान हवा दाखवत राहतं. दीडशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न पैसे मोजून आपण विकत घेतोय.

तेव्हा एअर ब्रेक घ्यायचा तर दोन पाइपांचा, इमर्जन्सी व्हॉल्व्हचा आणि प्रत्येक ट्रॉलीला वेगळी टाकी असलेलाच घ्या. मिस्त्री म्हणेल गरज नाही. त्याला सांगा, हवा भर आणि यार्डात इमर्जन्सी पाइप काढ. चाकं जाम झाली पाहिजेत. ट्रॅक्टरनं ट्रॉली तरीही ओढली गेली तर पैसे देऊ नका.

मग चाकांना दगड लावून एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं प्रत्येक बूस्टरचा दांडा डोळ्यांनी पाहायचा. चारी हलले पाहिजेत, साधारण सारखे. एक जास्त आणि एक कमी हलत असेल तर स्लॅक आवळून घ्या, नाहीतर ट्रॉली एका बाजूला ओढेल. पाइप ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं चाचपा. रंग असेल तिथं खरवडून बघा. टाकी भरून इंजिन बंद करा, पेडल दाबून धरा आणि काट्यावर नजर ठेवा. काटा खाली सरकत राहिला तर कुठंतरी गळती आहे. जुन्या ट्रकचा एक्सल स्प्रिंगच्या बूस्टरसकट आला असेल तर तो स्वतः उघडू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, झाकण सुटलं तर माणूस मरतो. त्याच बूस्टरला मागून लांब बोल्ट घालून ब्रेक कायमचा मोकळा करून ठेवतात, तोही बघा. आणि चाचणी रिकाम्या ट्रॉलीवर मान्य करू नका. थोडा तरी माल भरा, सपाटीला घ्या, मागची ट्रॉली पुढचीला रेटते का ते बाजूला उभं राहून पाहा.

टाकीतलं पाणी रोज सोडा. ते पुढं जाऊन व्हॉल्व्ह गंजवतं. कॉम्प्रेसरचा पट्टा ताणलेला हवा. रस्त्याला लागण्याआधी दोन्ही पेडलं कडीनं जोडा. लांब उताराला ब्रेक सारखा मारत-सोडत राहिलात तर टाकी रिकामी होते, म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. रिफ्लेक्टर लावा, दारू पिऊन बसू नका, घाई करू नका. हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

कागदांचं मात्र नीट ऐका. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विमा पॉलिसीवर ट्रॅक्टरसोबत दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर आहेत का ते स्वतः वाचा. नसतील तर कंपनी तिथंच बोट ठेवते. मिस्त्रीकडून पक्कं बिल घ्या, त्यावर ‘दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक, चार बूस्टर’ असं लिहून घ्या. माझ्याकडं कच्ची पावती आहे, पण तिच्यावर दोन ट्रॉल्यांच्या ब्रेकचे वेगळे आकडे त्यानंच लिहिलेत आणि ते आता उपयोगी पडताहेत. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, असं मला दोघातिघांनी ऐकवलं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर लागतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझी जिल्हा आयोगात दाखल आहे, बोल्टांचे फोटो जोडून, आणि मागण्यांत पहिली ओळ ड्रायव्हरच्या दवाखान्याच्या खर्चाची आहे.