जुनी लाइन आधी तोडू नका

आत्या : पोलादपुरात नवीन कंपनीची माणसं दारोदार फिरतायत. तेवढ्याच पैशांत दुप्पट स्पीड देतो म्हणतात. मोबाईलसारखं पोर्ट करून टाकू का?

भाचा : मोबाईल नंबर २०११ पासून देशभर पोर्ट होतो, पण घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाही. नवी कंपनी आपली वायर आणि आपला मोडेमचा डबा घेऊन येते. लँडलाइनचा नंबरही सोबत जात नाही. बँकेत, गॅस एजन्सीत तो दिला असेल तर आधी बदलून घे.

आत्या : म्हणजे जुनी बंद न करताच नवी घेता येते?

भाचा : येते, आणि तसंच करावं. पावसाचा एक महिना दोन्ही चालव. थोडे पैसे जास्त जातील, पण नवी किती टिकते ते कळेल. वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस. सांगितलेल्या भावात १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेही विचार.

आत्या : आणि स्पीड?

भाचा : एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. १०० घेतलेस तरी चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय अडणारच. राउटर मधल्या खोलीत लाव. आपल्याकडे विचारायचं ते वेगळंच. वायर कुठून येते आणि तुटली तर जोडायला कोण येतं?

आत्या : हे मला कोण सांगणार?

भाचा : शेजारीपाजारी. गेल्या पावसात त्यांची लाइन किती दिवस बंद होती ते विचार. फायबर म्हणजे केसाएवढी काच, तिच्यातून प्रकाश जातो. हायवेच्या खोदकामात किंवा झाड पडून ती तुटली की सांधायला मशीन आणि जाणकार माणूस लागतो. तो जवळच्या महाडातच असेल तर बरं. दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून येत असतील, तर एकच फांदी दोन्ही तोडते.

आत्या : मग ते बिनवायरचं एअरफायबर घेऊ?

भाचा : ते ५जी टॉवरवर चालतं. टॉवर डोंगराआड असेल तर उपयोग नाही. त्याच कंपनीचा ५जी फोन गच्चीवर नेऊन आधी बघ. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा वीज आणि मोबाईल दोन्ही गेले होते. म्हणून घरची लाइन एका कंपनीची आणि मोबाईल दुसऱ्या कंपनीचा ठेव.

आत्या : वीज गेली तर फायबर चालेल?

भाचा : जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून वीज यायची. फायबरच्या डब्याला घरची लागते, म्हणून राउटरचा छोटा यूपीएस घे. डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल झाला, तर प्रकाश पोचत नाहीये. वायर तुटली असेल किंवा खिडकीच्या फटीत मुरगळली असेल. तक्रार करताना हे आवर्जून सांग.

आत्या : आणि जुनी बंद कशी करायची?

भाचा : नुसतं बिल भरायचं सोडू नकोस, थकबाकी चढेल. लेखी अर्ज दे, डबा परत करून पावती घे, अनामत माग. तक्रार क्रमांक जपून ठेव. दाद लागली नाही तर दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमाप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

आत्या : आणि पावसात दोन्ही टिकल्या तर?

भाचा : तर ज्या कंपनीचा जोडणारा माणूस फोन उचलतो, तिची ठेव.