‘विसरलो’ आणि ‘विसरतो’



गेल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात आमच्या मुलाला मनाच्या श्लोकांपैकी पाच श्लोक म्हणायचे होते. महिनाभर तो रोज आंघोळ करताना ते धडाधड म्हणत होता. रंगमंचावर मात्र दोन श्लोक झाले आणि तिसऱ्याच्या तोंडाशी गाडी अडली. बाईंनी पडद्याआडून पहिला शब्द सांगितला, तरी पुढचे काही येईना. शेवटी नमस्कार करून तो खाली उतरला.

परतताना गाडीत आम्ही विचारले, “इतकं पाठ करून घेतलं होतं, लक्ष कुठे होतं तुझं?” तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “मी नेहमीच विसरतो. मला मराठी येतच नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून पाचही श्लोक ऐकू आले, एकही शब्द न चुकता!

म्हणजे श्लोक डोक्यातून गेले नव्हते. मग आदल्या संध्याकाळी ते होते कुठे? आमचा धंदा संगणकाचा, मानसशास्त्राचा नव्हे. पण प्रोग्रॅम चुकला की चूक नेमकी कुठे झाली हे शोधायची सवय आहे. त्या सवयीने थोडे वाचन केले, ते येथे देत आहोत.

स्मरणाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी नोंदणे, दुसरी साठवणे, तिसरी आठवणे. आपण सरसकट ‘विसरलो’ म्हणतो, पण अडचण तिन्हींपैकी कोठेही असू शकते. भीती, चिडचिड किंवा उदासी यांचा त्रास विशेष करून पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर होतो. पक्के साठवलेले सहसा पुसले जात नाही, त्या वेळी हाती लागत नाही एवढेच.

काळजी जागा अडवते

मनातल्या मनात ४७ गुणिले ६ करून पाहा. मधले आकडे आपण ज्या जागी क्षणभर धरून ठेवतो, तिला ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश संशोधकांनी १९७४ साली तिची रचना मांडली. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर ही रॅम, हार्ड डिस्क नव्हे. तिच्यात जागा फार थोडी. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सुमारे ७ गोष्टींचा अंदाज दिला होता, नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो ४ च्या आसपास आणला.

एवढ्याशा जागेत “सगळे हसतील”, “आई रागावेल” असे विचार येऊन बसले, तर श्लोकाला जागा कुठली? काळजी हे मनाचे दुसरे कामच आहे, आणि ते पहिल्या कामाची जागा खाते, असा विचार मायकेल आयसेंक आणि मानुएल काल्वो यांनी १९९२ साली मांडला. रुसून पुस्तक उघडले तर पान डोळ्यांखालून जाते, डोक्यात जात नाही. त्याचेही हेच कारण.

शरीरही साथ देत नाही

ताण आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. ते मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागापर्यंत पोहोचते. आकाराने समुद्रघोड्यासारखा दिसणारा हा भाग आठवणींचे मोठे काम करतो. डॉमिनिक द क्वेर्व्हँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना शब्दांची यादी शिकवली आणि दुसऱ्या दिवशी विचारली. शरीरात गेल्यावर ज्याचे कॉर्टिसॉल होते अशा औषधाची गोळी काहींना शिकण्याच्या वेळी दिली, तर काहींना आठवण्याच्या तासभर आधी. आठवण्याआधी गोळी घेतलेल्यांना शब्द कमी आठवले, शिकण्याच्या वेळी घेतलेल्यांचे बिघडले नाही.

म्हणून रंगमंचावर अडखळणे हा आळस नव्हे. थोडा ताण वाईटही नसतो, उलट ज्या प्रसंगी मन हलते तो प्रसंग पक्का लक्षात राहतो. पण त्यातच एक गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, आहे. श्लोक आठवले नाहीत, ती फजिती मात्र आमच्या मुलाच्या चांगलीच लक्षात राहिली.

वाईट मन वाईटच निवडते

संगणकाला रागलोभ नाही. मागाल ती फाइल तो देतो. मन तसे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गॉर्डन बॉवर यांनी १९८१ साली आपले प्रयोग मांडले. संमोहनाने काही जणांना आनंदी केले, काहींना दुःखी, आणि सर्वांना दोन मित्रांची गोष्ट वाचायला दिली. त्यातला एक सुखी, एक दुःखी. दुःखी वाचकांना पुढे दुःखी मित्राबद्दलच्या गोष्टी जास्त आठवल्या, आनंदी वाचकांना सुखी मित्राबद्दलच्या. डेव्हिड क्लार्क आणि जॉन टीसडेल यांनी १९८२ साली नैराश्याच्या रुग्णांत असेच पाहिले. त्याच माणसाला मन जास्त खचलेले असताना दुःखाच्या आठवणी अधिक येत आणि मन थोडे हलके असताना सुखाच्या.

असे हे चक्र आहे. मन खट्टू झाले की खट्टू आठवणी येतात आणि त्यांनी मन आणखी खट्टू होते. गाडीतल्या त्या अर्ध्या तासात मुलाला ‘नेहमीच विसरतो’ असे वाटले, ते खोटे बोलणे नव्हते. त्या क्षणी त्याला विसरल्याचेच प्रसंग आठवत होते. आणि आमच्या प्रश्नाने आम्ही त्या चक्राला आणखी एक धक्का दिला होता!

व्याकरणाचा एक धडा

मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ साली एक वेगळीच गोष्ट नोंदली. मनाने फार खचलेल्या माणसांना ‘एखादा प्रसंग सांगा’ म्हटले, तर ते एका दिवशीची घटना सांगण्याऐवजी ‘मी नेहमी हरतो’ असे ठोकळ उत्तर अधिक वेळा देत.

हा फरक आपली मराठी एका अक्षरात दाखवते. ‘मी विसरलो’ हा भूतकाळ. घटना एकदा घडली आणि संपली. ‘मी विसरतो’ हा वर्तमानकाळ सवय सांगतो, जणू तो आपला स्वभावच. आमच्या मुलाचे खरे वाक्य असे हवे होते: “मी काल तिसरा श्लोक विसरलो.”

काय करावे?

१. पुस्तक मिटून आठवा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतः आठवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवले.

२. न्हाणीघराबाहेरही सराव करा. शेजारच्या काकूंसमोर म्हणा, उभे राहून म्हणा, गाडीत म्हणा.

३. अडलात तर एक लांब श्वास घ्या आणि एक ओळ मागे जाऊन पुन्हा सुरू करा.

४. पालकहो, परतीच्या गाडीत उलटतपासणी नको. चूक दुसऱ्या दिवशीही सुधारता येते.

५. उदासी आठवडेच्या आठवडे राहिली, झोप किंवा जेवण बिघडले, तर डॉक्टरांना भेटा. तेथे उपदेश पुरत नाही.

यंदा संक्रांतीला आमचा मुलगा मोठ्या कार्यक्रमात उभा राहायला तयार नव्हता. वर्गातच, अकरा मुलांसमोर, तो दोन श्लोक म्हणाला. दुसऱ्यातली एक ओळ गळली. गाडीत आम्ही गप्प होतो. तोच म्हणाला, “एक ओळ विसरलो.”

आम्ही म्हटले, “हो, एक.” आणि तिळगुळाचा डबा मागे दिला.

स्वाध्याय

(अ) ‘विसरतो’, ‘चुकते’, ‘हरतो’ या क्रियापदांची भूतकाळी रूपे लिहून प्रत्येकाचे एक वाक्य करा. वाक्यात दिवस आणि जागा हवीच.

(आ) आईबाबांना त्यांच्या शाळेतला फजितीचा एक प्रसंग विचारा आणि पाच ओळींत लिहून आणा.

शब्दार्थ: खट्टू – नाराज, फजिती – चारचौघांत झालेली पंचाईत, उलटतपासणी – प्रश्नांवर प्रश्न विचारणे.