उकिरड्याचं इंजिनिअरिंग

लेखाचं नाव वाचून पान उलटू नका, मित्रांनो! हा प्रयोग मी कॉलेजच्या लॅबमध्ये नाही, तर भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळच्या आमच्या गावी, आजीच्या सांदवाडीत केला. आणि पहिल्या अटेम्प्टला चक्क नापास झाले.

मागच्या पावसाळ्यात सुट्टीत मी कंपोस्ट करायचं ठरवलं. घरातला ओला कचरा रोज वांग्याच्या वाफ्याशेजारी टाकायचा, झालं खत! पंधरा दिवसांत घाण वास सुटला. एका सकाळी पाहते तर वांग्याची रोपं कुरतडलेली आणि पानांवर चांदीसारख्या चमकत्या रेघा. मी ओरडले, "आजी, स्लग!" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी नाव काही आठवेना. आजी म्हणाली, "बिनघराची गोगलगाय होय ते. काऊन वो बाई, खत करून रायली का गोगलगायी पोसून रायली?"

हसू नका. ते बियाणं घरचं होतं, दरवर्षी पिकलेल्या वांग्यातून आजी काढून ठेवते. आता फडक्यात बांधलेलं चिमूटभर बी तेवढं उरलं होतं.

घाबरून मी वाफ्यात मीठ टाकलं. गोगलगायी मेल्या, पण वाचलेली चार रोपंही वाळली. मिठामुळे मुळांना मातीतलं पाणी ओढता येत नाही. बारावीत पाठ केलेला ऑस्मॉसिस तो हाच!

मग मात्र नीट अभ्यास केला. खत हे जिवाणूंचं काम आहे. त्यांना कार्बन आणि नायट्रोजन साधारण 30:1 या प्रमाणात लागतात, शिवाय हवा आणि ओलावा. भाजीच्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, धानाच्या तणसात कार्बन जास्त. मी नुसता ओला कचरा टाकला, म्हणून हवा कोंडली आणि तो सडला. कुजका पाला, ओल आणि अंधार म्हणजे गोगलगायीसाठी मेसच की!

उत्तर आपल्या विदर्भातच सापडलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे ऊर्फ नाडेपकाका यांनी नाडेप पद्धत शोधली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असं विटांचं टाकं, आणि भिंतींना हवेसाठी भोकं. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थरावर थर. साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण थोडं लागतं, खत भरपूर मिळतं.

आम्ही त्याचीच छोटी आवृत्ती केली. जुन्या विटा फटी ठेवून रचल्या, वाफ्यापासून चांगल्या वीस पावलांवर. एक घमेलं ओला कचरा, त्यावर दोन-तीन घमेली तणस, मग शेणकाला आणि माती. मूठभर माल दाबला तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल. वरून तणस झाकलं. दोन-तीन दिवसांनी हात घातला तर आत गरम! चांगल्या ढिगात तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत जातं, त्यात गोगलगायीची अंडी टिकत नाहीत. कडा मात्र थंड राहतात, म्हणून माल अधूनमधून खालीवर करायचा.

वाफ्यासाठी उपाय सोपा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याजवळ अंथरायचं. रात्री खाऊन गोगलगायी पहाटे त्याच्याखाली लपतात. सकाळी काडीने गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात माणसाला त्रास देणारे परजीवी असू शकतात. पालेभाजीही धुऊनच खा. राखेचा पट्टा कोरडा असेपर्यंतच चालतो, पावसात त्याचा उपयोग नाही. आणि मीठ? मातीत कधीच नाही!

आजीने उरलेलं बी पेरलं. आठवडाभर रोज पहाटे मी गोणपाट उचललं. पहिल्या दिवशी तेवीस गोगलगायी, सातव्या दिवशी दोन. रोपं वाचली. दिवाळीत त्याच वांग्यांचं भरीत खाल्लं, आणि दोन वांगी बियाण्यासाठी झाडावरच पिकू दिली.

आता सांगा, आपल्या मेसमागे रोज भाजीची सालं फेकली जातात, आणि कॅम्पसचा पालापाचोळा जाळला जातो. नायट्रोजन एकीकडे, कार्बन दुसरीकडे! मधे फक्त एक विटांचं टाकं हवं. रेक्टर मॅडम, जागा द्याल का? घमेलं मी उचलते.