ज्ञानाची देवाणघेवाण : कोयासानचा धडा

१० सप्टेंबर २०१५ रोजी जपानमधील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. या घटनेचे औचित्य इतिहासात सापडते.

कोयासान धर्मपीठाचे संस्थापक भिक्खू कूकाई इ. स. ८०४ मध्ये विद्यार्थी म्हणून चीनला गेले. भारतात अध्ययन केलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्खूंकडून ते तेथे संस्कृत शिकले आणि ८०६ मध्ये ग्रंथसंपदा घेऊन परतले. त्या काळी जपानमध्ये उच्च शिक्षण मुख्यतः उमरावपुत्रांपुरते होते. कूकाईंनी ८२८ मध्ये क्योतो येथे सामान्यांसाठी विद्यालय काढले व तेथे शिक्षक-विद्यार्थ्यांच्या भोजनाचीही व्यवस्था केली.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परदेशातील शिक्षण पूर्ण करून आल्यावर त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली.

विद्यार्थी मित्रहो, परदेशी शिक्षणाची कसोटी पदवीने संपत नाही. मिळविलेली विद्या कोणाच्या दारी पोहोचली, हे पाहावे लागते. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरून उद्या जपानला जाणाऱ्या मुलामुलींनी हा प्रश्न सोबत न्यावा.