कुंभार, घट आणि तळियेचा डोंगर

(शास्त्रभाग : ईयोब 38 ते 42, यिर्मया 18, लूक 13, योहान 11)



आमच्या उपदेशकांस खेडोपाडी देवाविषयी जे प्रश्न विचारले जातात ते पुस्तकातून उचललेले नसतात. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. कित्येकांची प्रेतेही हाती लागली नाहीत. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे दगावली. त्यापूर्वी 2005 च्या जुलैत दासगाव, जुई आदी गावांवर हाच प्रसंग आला होता. ज्याच्या घरावर अशी माती पडली तो विचारतो, देव आहे काय? आणि असला तर तो आहे तरी कसा? हे प्रश्न दोन आहेत. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटला असे मानणे ही चूक होय.

पहिल्या प्रश्नाचा विचार त्याच डोंगराळ मुलुखात पूर्वी झालेला आहे. वरंधा घाटाच्या परिसरातील शिवथरघळीत रामदासांनी दासबोध रचला अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या आठव्या दशकात त्यांनी कुंभाराचा दृष्टान्त घेतला आहे. कुंभार हा मडक्यांच्या आधीचा असतो, आणि मडकी म्हणजे कुंभार नव्हे. तसाच जगाचा कर्ता जगाच्या आधीचा व जगाहून निराळा असला पाहिजे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने युरोपात हीच वाट धरली होती. आमचा शेजारी इतके मानत असेल तर त्याच्याशी उगाच वाद घालू नये.

परंतु डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1779 साली छापला गेला, त्यात एक अडचण काढली आहे. मडके पाहून कुंभार आहे असे म्हणता येईल. पण मडक्याला तडा असेल, तर कुंभार कुशल व दयाळू आहे हे कशावरून म्हणावे? कदाचित तो शिकाऊ असेल! हा आक्षेप थट्टेने उडवून लावण्याजोगा नाही, कारण कोंढाळकरवाडीचा प्रश्न तोच आहे.

येथे आमचे लोक घाईने तीन उत्तरे देतात. पहिले, ती पापाची शिक्षा होती. हे उत्तर तर प्रभूनेच मोडून काढले आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतर यरुशलेमकरांहून अधिक पापी होते काय, असे विचारून त्याने स्वतःच नाही म्हटले. 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बन शहरात भूकंप झाला तेव्हा सर्व संतांचा सण होता व देवळे उपासकांनी भरलेली होती. तीच त्यांच्यावर कोसळली. दुसरे उत्तर असे की मातीने कुंभारास जाब विचारू नये. पौलाने रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात हे म्हटले खरे, पण तेथे विषय इस्राएलाच्या निवडीचा आहे, प्रेत शोधणाऱ्या बापाचे तोंड बंद करण्याचा नाही.

तिसरे उत्तर अधिक विचाराचे आहे. देवाने सृष्टीस नियम लावून दिले आहेत. त्या दिवसांत सावित्रीच्या उगमाजवळ महाबळेश्वरास 24 तासांत 590 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. उतारावरची माती पाण्याने जड झाली, खडकावरची तिची पकड सुटली आणि ती खाली आली. याच पावसावर भाताची रोपे वाढतात. पाणी कधी मुरावे व कधी मुरू नये हे रोज बदलत राहिले तर शेतकरी पेरणार कशाच्या भरवशावर? हे आम्हांस पटते. शिवाय जे नियमाने घडते ते आधी ओळखता येते. म्हणून डोंगराला भेग दिसताच वाडी हलविणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे, हेही उपदेशकांनी स्पष्ट सांगावे. तथापि हे उत्तर दरडी का कोसळतात एवढेच सांगते. त्या घरातले ते मूल का गेले हे ते सांगत नाही, आणि सांगते असा आव आणू नये. ईयोबालाही कारण कळविले गेले नाही. उलट ज्या मित्रांजवळ प्रत्येक गोष्टीचे कारण तयार होते, त्यांच्यावर देवाचा कोप झाला.

मग देव कसा आहे? येथे कुंभाराचा दृष्टान्त दोन वाटांनी जातो. तर्काने हाती येणारा कर्ता निर्विकार असतो. मडके फुटले तरी त्याला काही होत नाही. प्राचीन मंडळीतील थोर आचार्यही देवाला दुःख स्पर्श करीत नाही असेच शिकवीत. देव आपल्यासारखा रागालोभाने डळमळत नाही, इतका त्यांचा आशय आम्हांस मान्य आहे. त्यापुढे आम्ही त्यांच्याबरोबर जात नाही. यिर्मया कुंभाराच्या घरी गेला तेव्हा त्याने बिघडलेले मडके पाहिले, आणि तीच माती पुन्हा चाकावर घेणारा हात पाहिला. लाजराला आता उठवावयाचे आहे हे ठाऊक असूनही प्रभू रडला. वधस्तंभावर त्याने देवाला 'का' असा प्रश्न केला, आणि त्या घटकेला वरून काहीच उत्तर आले नाही. देवाविषयी आमचे जे म्हणणे आहे ते त्या ठिकाणाहून सुरू होते. शेजाऱ्याला तर्काने ते पटलेच पाहिजे असा आमचा हट्ट नाही.

ज्या घरी दुःख झाले आहे तेथे उपदेशकाने प्रथम 88 वे स्तोत्र वाचावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात; हे वळत नाही, ते अंधारातच संपते. पुष्कळ जण घाबरून लगेच दुसरे स्तोत्र काढतात. तसे करू नये. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, घरच्यांस बोलावयाचे असेल तर बोलू द्यावे, आणि दुसरे स्तोत्र पुढच्या भेटीस ठेवावे.